गुळाच्या तुळेची आणि झांकल्या दम्याची हकीकत

॥ श्री ॥ श्वास ज्याचें देणें त्या वायुदेवास नमन करोन, झालें तें झांकिलें नाहीं ऐशी शपथ वाहोन हा मजकूर लिहिला ऐसा जे,

शके एकोणीसशें त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सरीं, राज्यांत करोना नामें ज्वर माजला आणि वडीलधारीं माणसें बहुत गेलीं, खुद्द राजेही निवर्तले. मग दिवाण रंगोपंत यांणीं दवंडी पिटविली कीं, "मुलांस यापासोन भय नाहीं," आणि रयतेस खातरी पटावी म्हणोन वारस बाळराजे, वय वर्षें नऊ, यांची गुळानें तुळा करविली. बाळराजे अंगानें ऐसे भरले होते कीं गुळाच्या ढेपा पुरेनात, आणि गर्दींत कोणाचे मुखास पट्टी नव्हती, आणि लोक हर्षें म्हणत, "राजबिंडें लेकरूं! यास काय होतें?" एक मातोश्री मैनाईसाहेब तेवढ्या हांसल्या नाहींत. लेकरास तान्हेपणापासोन दमा होता. दमेकरी वारस गादीस चालणार नाहीं, भाऊबंद टपले आहेत, म्हणोन दिवाणांनीं आणि त्यांणीं मिळोन ती गोष्ट देवडीबाहेर जाऊं दिली नव्हती.

पुढें थोडक्याच दिवसांत बाळराजांचें नाक वाहूं लागलें आणि पोट दुखोन ढाळ झाले, आणि ताप म्हणावा तर नाममात्र. दिवाण बोलिले, "गूळ बाधला, दुसरें काय! ओंवा द्यावा." बाईसाहेबांसही तेंच खरें वाटलें, कारण तेंच खरें असावें ऐशी इच्छा होती. मग बाळराजे जेवणास उठेनात, पाणी घेईनात, हांक मारितां डोळे उघडोन पुन्हा मिटीत. बाईसाहेबांनीं अंगरखा सोडोन पाहिलें तों प्रत्येक श्वासासरशी बरगड्यांमधील कातडें आंत ओढलें जात होतें, नाकपुड्या फुलत होत्या आणि ओठ निळे पडले होते. "आईसाहेब," लेकरूं शब्द तोडोन बोलिलें, "दम... पुरत नाहीं."

वैद्यराज त्र्यंबकभट धांवत आले, बोटास चिमटा लावोन प्राणवायु मोजिला, नळी लाविली आणि बाहेर येऊन भर सदरेंत पुसिलें, "यांस पूर्वींचा कांहीं विकार? दमा, हृदयाचा दोष, मधुमेह? स्थूलपणा तर दिसतोच, तोही या ज्वरांत जोखमीचा." सदरेंत कुजबूज जाहली. ज्या देहाची तुळा केली तोच जोखमीचा! दिवाण म्हणाले, "औषध द्या, वैद्यराज, चौकशा कशास? बाळराजे वज्रासारखे आहेत." वैद्य तापले, "वज्रास धाप लागत नाहीं, पंत! खरें न कळतां औषध काय अंधारांत फेंकूं?" खांबाआड भाऊबंद कान देऊन उभे. एक शब्द, आणि गादी गेली. मग बाईसाहेब पडद्याबाहेर आल्या, पदर सांवरला नाहीं, आणि मोठ्यानें बोलिल्या, "दमा आहे. जन्मापासोन आहे. मीच लपविला. गादी ज्यास हवी त्यानें न्यावी, माझ्या पोरास श्वास घेऊं द्या."

मग वैद्यांनीं दम्याचा उपाय जोडोन दिला आणि रात्र काढली आणि ओठांस रंग आला. दुसरे दिवशीं सूर्योदयीं बाईसाहेब देवडीवर आल्या. सदरेंतील बोल रातोरात नगरभर गेला होता, आणि नगरांतील आया लेकरें घेऊन उभ्या होत्या. कोणाचें मधुमेही, कोणाचें झटके येणारें, अवघीं कालपर्यंत ठणठणीत म्हणोन मिरविलेलीं. आणि रांगेचे शेवटीं खुद्द रंगोपंत, डोईस पगडी नाहीं, कडेवर चार वर्षांची नात. बाईसाहेबांकडे न पाहतां म्हणाले, "हिच्या काळजास जन्मतः छिद्र आहे. पुढें लग्न जमणार नाहीं म्हणोन कोणापाशीं बोललों नाहीं. कालपासोन खोकते आहे."  बाईसाहेबांनीं पोरीचें झबलें वर करोन बरगड्या पाहिल्या, तिला आपल्या कडेवर घेतलें आणि रांग ओलांडोन आंत हांक दिली, "वैद्यराज, आधीं हिला पाहा."

येणेंप्रमाणें गादी चुलत्यांकडे गेली, बाळराजे आणि दिवाणांची नात दोघेंही वांचलीं, आणि त्या राज्यांत लेकरांची तुळा मोडोन श्वास पाहण्याची रीत पडली. मजकूर इतकाच.