कुंदाताईंची जगाची कड

कुंदाताई निमकर गाडीत बसण्याआधी चारही चाकांना एकेक लाथ मारायच्या. अंगात काळा अबाया, पायात पांढरे बूट, वय पंचावन्न. चौथी लाथ झाली की "ठीक आहे" म्हणायच्या आणि मगच दार उघडायच्या. रियाधमधल्या आमच्या इमारतीचा पहारेकरी हा सोहळा बघायला चहाचा पेला घेऊन उभा राहायचा.

बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, तेव्हा आमच्या मराठी मंडळींत पहिला अर्ज त्यांचा. वीस-बावीस वर्षांच्या पोरींमध्ये बसून शिकल्या, पार्किंगमध्ये दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा लायसन्स घेऊनच आल्या. "आता या वयात कशाला?" असं मी एकदा बोलून गेलो.

"मग कोणत्या वयात? माझ्या तरुणपणी इथे परवानगीच नव्हती!"

त्यानंतर मी जपून बोलू लागलो.

त्यांचे यजमान निमकरसाहेब माझ्याच बँकेत. शहराबाहेर 'जगाची कड' म्हणतात ती जागा आहे. पठार एकाएकी तुटतं आणि खाली नजर पोचेल तिथपर्यंत नुसतं मोकळं मैदान. दोघांनी तिथे जायचं ठरवून एकोणीस वर्षं झाली होती. दर थंडीत साहेब म्हणायचे, "पुढच्या थंडीत नक्की." तेवढ्यासाठी घेतलेल्या दोन जीप झाल्या, दोन्ही सुपरमार्केटच्या पलीकडे गेल्या नाहीत.

मग सौदायझेशनमध्ये साहेबांची जागा स्थानिक माणसाला द्यायचं ठरलं. साहेबांनीच त्याला काम शिकवलं आणि महिनाअखेरची फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा व्हिसा, घेऊन घरी आले. सोफ्यावर बसले ते बसलेच. दाढी नाही, फोन नाही, पडदे बंद. निरोपाच्या जेवणालाही नाही म्हणाले.

सगळ्यांनी कुंदाताईंना सल्ले दिले, गाडी विका, सामान बांधा. त्यांनी जाहीर केलं, "शनिवारी मी जगाच्या कडेला चाललेय. एकटी."

पुढे डांबर संपतं, फोन लागत नाही, वाळूत गाडी रुतते, असं सगळं मी सांगून पाहिलं.

"बघू कोण अडवतं!" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य.

शनिवारी सकाळी जीपमध्ये फावडं, दोर, पाण्याचे कॅन, थालीपिठं आणि घरातली इस्त्रीची फळी चढली. "तिथे कुणाचे कपडे आहेत?" मी विचारलं. उत्तरादाखल चार लाथा ऐकू आल्या.

दुपार टळली तरी पत्ता नाही. मी खिडकी ते पार्किंग अशा खेपा घालत होतो. सूर्य मावळताना, मगरिबच्या बांगेला जीप आली. कुंदाताईंच्या भुवयांवरसुद्धा धूळ होती. माझा जीव भांड्यात पडला आणि रागही आला.

"कशी आहे कड?"

"पाहिली नाही."

"म्हणजे?"

"वीस पावलं अलीकडे गाडी लावली आणि तिकडे पाठ करून थालीपीठ खाल्लं."

मला वाटलं, बाईंना ऊन लागलं. त्यांनी वही उघडली. "दुसऱ्या फाट्याला उजवीकडे वळायचं. मधली वाट धरली की गाडी रुतते. दोनदा रुतले. टायरमधली हवा कमी केली, चाकाखाली फळी घातली, निघाले. आज रुतायचं तेवढं रुतून घेतलं."

"पण कशासाठी?"

"पुढच्या शनिवारी ह्यांना नेणार आहे. ह्यांच्या देखत गाडी अडकायला नको रे. आधीच माणूस पार खचलाय." त्यांनी वही मिटली. "आणि कड दोघांनी मिळून बघायची ठरलीय. मी आधी कशी बघू?"

मला माझ्या सल्ल्यांची लाज वाटली. फळी उचलून लिफ्टपर्यंत नेली. तिच्यावर टायरच्या नक्षीचे दोन जाड पट्टे उमटले होते.

आठवडाभर साहेब "नको" म्हणत होते, असं कळलं. तरी शनिवारी मी सकाळपासून पार्किंगमध्ये काहीतरी निमित्त काढून घुटमळत होतो.

लिफ्ट उघडली. कुंदाताईंच्या मागून निमकरसाहेब आले. दाढी केलेली, शर्ट चुरगळलेला. सवयीने ते चालकाच्या दाराशी गेले, हँडलला हात लावला आणि थांबले. किल्ली कुंदाताईंच्या हातात होती. मग साहेब मागून वळसा घालून पलीकडच्या दाराकडे निघाले आणि जाता जाता मागच्या चाकाला त्यांनी एक लाथ मारली.

"ठीक आहे," ते म्हणाले. कित्येक दिवसांनी मी त्यांचा आवाज ऐकत होतो.