विषय : भिंतीला भोक पाडणेबाबत

एका नोव्हेंबरात कुंडारी गावच्या मर्ल टकवेल या बाईंनी आपल्या राहत्या सरकारी घराच्या भिंतीला साडेसात सेंटिमीटर व्यासाचं एक भोक पाडण्याची रीतसर परवानगी मागितली. भोक एसीची नळी बाहेर काढण्यासाठी हवं होतं आणि तसं अर्जात लिहिलेलंही होतं.

एसी घरात येऊन पडला होता. गावच्या बोलिंग क्लबाने मांसाचं ताट बक्षीस ठेवून सोडतीची तिकिटं विकली आणि त्या पैशांतून तो तिच्यासाठी घेतला होता. बोळात तो खोक्यासकट उभा होता आणि मर्ल त्याच्यावर धुतलेले टॉवेल ठेवायची. बसवायला तिचा धाकटा भाऊ क्लॅरी तयार होता. उभा जन्म त्याने वायरमनकी केलेली. उणीव होती ती फक्त भोकाची. घर सरकारचं, भिंत सरकारची, आणि भिंतीत जे नाही तेही सरकारचंच.

"अगं, दहा मिनिटांचं काम," क्लॅरी म्हणायचा. "ड्रिल गाडीतच आहे."

"आणि घर गेलं तर? मागच्या गल्लीतल्या नॉर्मने कुत्र्याचा पट्टा टांगायला चार खिळे ठोकले, तर त्याला नोटीस आली. कुत्र्याचंही नाव होतं नोटिशीत."

मर्लला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. नाव जड असलं तरी दुखणं समजायला सोपं आहे. मेंदूपासून पायापर्यंत जाणाऱ्या तारांवरचं आवरण जागोजाग उडालेलं असतं. गारव्यात त्या तारा निमूट काम करतात. अंगाचं तापमान अर्धी डिग्री चढलं की पाय कापसाचे होतात, डाव्या डोळ्यापुढे धुकं येतं आणि हातातला कप जमिनीवर जातो. अंग गार झालं की सगळं पुन्हा जागच्या जागी. कुंडारी पृथ्वीच्या दक्षिण अंगाला, म्हणून तिथे उन्हाळा जानेवारीत येतो आणि पारा चव्वेचाळीसवर चढतो. अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवलेली ही बाई उन्हाळ्यात स्वतःच्या घरात स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंत रांगत जायची. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. क्लॅरीने एकदा पाहिलं, तेव्हा कानातलं शोधतेय म्हणाली. तिचे कान टोचलेले नाहीत.

उपाय तिने सगळे केले होते. बर्फाच्या पिशव्या खोचलेलं जाकीट होतं, गळ्यात ओला रुमाल होता, पायांखाली बादली होती. दुपारी ती सुपरमार्केटच्या फ्रीझरपाशी मांडीवर गोठलेल्या मटाराचं पाकीट घेऊन बसायची. मॅनेजरने तिच्यासाठी तिथे स्टूलच ठेवलं होतं. येणारेजाणारे धीर देत. "आपल्याकडची उष्णता कोरडी आहे, तेवढं बरं," असं प्रत्येकजण म्हणे. भट्टीही कोरडीच असते, हे कोणाच्या लक्षात येत नसे.

डिसेंबरात निवास विभागाचं पत्र आलं. 'अर्जदाराने समक्ष हजर राहून उष्णता सहन होत नसल्याचे दाखवावे.' बाहेर एकेचाळीस डिग्री होती. क्लॅरीने तिला काठीसकट, जवळजवळ उचलूनच, कचेरीत आणलं. कचेरीत एकोणीस. कारकून स्वेटर घालून बसले होते. मर्लला तिथे पाऊण तास थांबायला लावलं आणि त्या पाऊण तासात ती ठणठणीत बरी झाली. नाव पुकारल्यावर ताडकन उठून गेली. काठी क्लॅरीच्या हातातच राहिली.

मूल्यमापन अधिकारी ब्रेडन स्लॅटरी हा सव्वीस वर्षांचा, नीट भांग पाडलेला मुलगा होता. त्याने हसून विचारलं, "कशा आहात, मर्ल?"

आता, कुंडारीत या प्रश्नाला एकच उत्तर आहे आणि ते पोरांना चालायच्या आधी शिकवतात. मर्लची आई एकदा घोड्यावरून पडली. खांद्याचं हाड मोडून हात लोंबत होता. डॉक्टरने कशी आहेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मस्त. तक्रार नाही." आणि मग बेशुद्ध पडली. दुसऱ्याला आपलं रडगाणं ऐकवणं हा तिथे चोरीच्या खालोखालचा गुन्हा आहे.

"मस्त," मर्ल म्हणाली. "तक्रार नाही."

ब्रेडनने ते टाइप केलं. प्रश्न क्रमांक एक संपला होता.

"दारापासून इथवर आधाराशिवाय आलात?"

"अरे, इथे गार आहे म्हणून! बाहेर चल माझ्याबरोबर, मग बघ."

"बाहेरचं तापमान आमच्या अखत्यारीत येत नाही," ब्रेडन मनापासून वाईट वाटून म्हणाला.

निकाल आठवड्यात आला. 'अर्जदारास तक्रार नाही, असे खुद्द अर्जदाराचेच म्हणणे आहे. सबब अर्ज निकाली.'

मर्लने अपील केलं. घरी येऊन तपासा, अशी तिची मागणी होती आणि ती तत्काळ मान्य झाली. अडचण एकच होती. आतलं तापमान बत्तीसच्या वर असलेल्या घरात कर्मचाऱ्याने पाऊल ठेवू नये, असा कर्मचाऱ्यांच्या जिवाच्या काळजीपोटी केलेला नियम होता. मर्लचं घर पत्र्याखालचं. डिसेंबर ते मार्च ते बत्तीसच्या खाली उतरतच नसे. तेव्हा उष्णतेची तपासणी जुलैत ठेवली. जुलैच्या त्या सकाळी तिथल्या थंडीत घरात आठ डिग्री होती. मर्ल तीन स्वेटर घालून बकरीसारखी टुणटुण हिंडत होती. ब्रेडनने हातमोजे न काढता लिहिलं, 'अर्जदारास शरीराच्या तापमानाचा विकार असल्याचे कागदोपत्री दिसते. घर अत्यंत थंड. गॅसचा हीटर तातडीने बसवावा.'

तीन दिवसांत चौघेजण आले, हीटर बसवून गेले आणि त्याचा धूर जायला भिंतीला भोक पाडून गेले. क्लॅरीने लगेच टेप लावून पाहिलं.

"आठ सेंटिमीटर!" तो ओरडला. "अगं, अर्धा जास्तीच! उन्हाळ्यात हीटरची नळी काढायची आणि आपली घालायची. झालं!"

"विचारून घालू," मर्ल म्हणाली. अठ्ठावीस वर्षं ती पिवळ्या दिव्यालाही थांबली होती.

विचारल्यावर उत्तर आलं, 'सदर भोक उष्णतेसाठी मंजूर आहे. त्यातून गारवा नेता येणार नाही.' क्लॅरीने उलट टपाली कळवलं की एसीची नळी गारवा नेत नाही, घरातली उष्णता बाहेर नेते. म्हणजे भोकातून उष्णताच जाणार. विभागात या मुद्द्यावर दोन बैठका झाल्या. 'उष्णता बाहेर नेण्याच्या प्रयोजनार्थ प्रत्यक्ष पाहणी आवश्यक,' असं ठरलं आणि तारीख मिळाली सतरा जानेवारी, दुपारी दोन. ही शेवटची पाहणी, हेही ठळक अक्षरांत छापलं होतं.

क्लॅरीने महिनाभर आधी तालीम सुरू केली. सकाळी दारातूनच हाक द्यायचा, "कशी आहेस?"

"मस्त—"

"चूक! पुन्हा. कशी आहेस?"

"तशी बरी…"

"मर्ल, तू रांगतेस. मला माहीत आहे. तेवढं एक वाक्य त्याला सांग."

मर्ल लालबुंद झाली. आजाराची तिला लाज नव्हती, तो सांगण्याची होती. "सांगीन," ती म्हणाली. "सतराला सांगीन."

सतराला बाहेर चव्वेचाळीस होती. कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी विभागाने दीड वाजता एक भलंमोठं गार हवेचं यंत्र ट्रकवर घालून पाठवलं. दोघांनी त्याची जाड कापडी सोंड दारातून आत सोडली. अर्ध्या तासात घर बावीसवर आलं. जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली मर्ल उठली, तोंड धुतलं, चहा ठेवला. दोनच्या ठोक्याला ब्रेडन टाय लावून आत आला.

"कशा आहात, मर्ल?"

क्लॅरीने श्वास रोखला. मर्लने तोंड उघडलं. तिला खरंच सांगायचं होतं. पण घर गार, पाय खंबीर, पाहुणा दारात, आणि आई वरून बघत असणार.

"मस्त," ती म्हणाली. "तक्रार नाही."

क्लॅरीने कपाळावर हात मारला आणि तो बर्फ आणायच्या निमित्ताने बाहेर निघून गेला. ब्रेडनने अहवाल भरून पाठवून दिला. तीनला यंत्रवाले सोंड गुंडाळून दुसऱ्या गावच्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी निघून गेले. ब्रेडनचं काम मात्र राहिलं होतं. भोकाचे आतून, बाहेरून आणि बाजूने फोटो काढायचे होते. बाजूने कसा काढायचा याचा विचार करता करता दहा-पंधरा मिनिटं गेली. पत्रा तापला. घरात एकोणचाळीस डिग्री झाली. ब्रेडन पांढराफटक पडला, टायसकट रांगत फ्रीजपर्यंत गेला आणि त्याला टेकून बसला.

मर्लने त्याचा चेहरा जवळून पाहिला. "अरे, तू मागच्या सीटवरचा ब्रेडन ना? चौथीत दर शुक्रवारी माझ्या बसमध्ये ओकायचास तो?"

"हो, मिसेस टकवेल," अधिकारी क्षीणपणे म्हणाला.

तिने अंगातलं बर्फाचं जाकीट काढून त्याला चढवलं आणि फ्रीजचं दार उघडलं. तेवढ्यात तिचे पाय गेले. ती त्याच्या शेजारीच बसली, म्हणजे पडली.

"कसा आहेस?" तिने विचारलं.

"मस्त," ब्रेडन म्हणाला. दात वाजत होते. "तक्रार नाही."

मर्ल आधी हसली, आणि मग तिला कधी नव्हे तो राग आला. "खोटारड्या! आणि मी तुझ्याहून मोठी खोटारडी. ऐक. मी या घरात रांगते. दर उन्हाळ्यात. बाथरूमला पोचेपर्यंत कधी कधी उशीर होतो. मला भीती वाटते, ब्रेडन, की एक दिवस फोनपर्यंत पोचणार नाही आणि क्लॅरीला मी दोन दिवसांनी सापडेन."

 ब्रेडनने तिथेच, जमिनीवर बसून, नवा अहवाल लिहिला. 'अर्जदार रांगतात. आज मीही रांगलो. भोक वापरू द्यावे.' सरकारी कागदावर इतकी साधी वाक्यं मर्लने आजवर पाहिली नव्हती. क्लॅरी बर्फ घेऊन आला तेव्हा दोघं फ्रीजसमोर टोमॅटो खात बसली होती.

फेब्रुवारीत पत्र आलं. 'दुसरा अहवाल लिहितेवेळी अधिकाऱ्याचे अंग तापलेले होते. अतिउष्णतेने कर्मचाऱ्यांची निर्णयशक्ती बिघडते, हे विभागास मान्य आहे. सबब दुसरा अहवाल बाद. पहिला अहवाल थंड डोक्याने लिहिलेला असल्याने ग्राह्य.' ब्रेडनची बदली हिवाळी फायलींकडे झाली होती. शिवाय मर्लचं घर धोक्याच्या यादीत गेलं होतं. आतलं तापमान बत्तीसच्या वर असेपर्यंत एकही कर्मचारी तिथे फिरकणार नव्हता, आणि हे पाहण्यासाठी भिंतीवर लावायचा एक सरकारी तापमापक पत्रासोबतच आला होता, तो आपला आपण आकडे कळवायचा. अर्जदाराने घरात राहण्यास मात्र हरकत नव्हती.

क्लॅरीने पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे इथे कोणी येऊच शकत नाही?"

मर्लने बोळाकडे पाहिलं. "ड्रिल लागणारच नाही," ती म्हणाली. "भोक आहेच."

वीस मिनिटांत एसी बसला. तासाभराने घर तेवीसवर आलं. मर्ल उठली आणि स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंत चालत गेली. मग परत आली. मग काही काम नसताना आणखी तीनदा गेली. क्लॅरी खिडकीबाहेर बघत राहिला, कारण त्याला नाक पुसायचं होतं.

चौथ्या दिवशी दारावर टकटक झाली. जॅसिंटा नावाची नवी अधिकारी होती. मोठी गोड मुलगी. घर बत्तीसच्या खाली आल्याचं तापमापकाने कळवलं होतं, त्यामुळे ते आता पाहणीस सुरक्षित झालं होतं. तिने चहा घेतला, गार हवेबद्दल दोनदा आभार मानले, एसी पाहिला, भोक पाहिलं. मर्ल स्वतः ट्रे उचलून आणत होती, कप हातात स्थिर होता.

"किती छान चालता तुम्ही!" जॅसिंटा म्हणाली. "कशा आहात, मर्ल?"

अकरा उन्हाळ्यांत पहिल्यांदाच मर्ल खरोखर बरी होती, आणि ती खोटं कशाला बोलेल?

"मस्त," ती म्हणाली. "अगदी खरं. काही तक्रार नाही."

जॅसिंटाने लिहून घेतलं. 'अर्जदार सशक्त. तक्रार नाही. एसीची गरज दिसत नाही. सात दिवसांत काढावा व भोक हीटरला परत करावे.'

मर्लने तिथे काय बोलायला हवं होतं, ते तुम्हाला एव्हाना सुचलं असेल. क्लॅरीलाही लगेच सुचलं होतं. पण परवा जिना उतरताना गुडघ्यात कळ आली म्हणून तुम्ही कठडा धरून थांबला होतात, आणि खालून वर येणाऱ्या शेजाऱ्याने विचारलं होतं, "काय, कसं काय?"

"मजेत," म्हणालात. तशी नोंद झाली आहे.