शालनच्या शंकांचा निपटारा

माझी मुलगी शालन सातवीच्या सहामाही परीक्षेत गणितात चौतीस गुण मिळवून नापास झाली, ही बाब तेरा नोव्हेंबर एकोणीसशे त्र्याहत्तर रोजी सायंकाळी माझ्या निदर्शनास आणून देण्यात आली. आणून देणारी तिची आई, तानाबाई. हात पिठाचे होते, त्यामुळे प्रगतिपुस्तकाच्या कोपऱ्यावर चार बोटे उमटली. मी प्रथम बोटांची नोंद घेतली, गुणांची नंतर.

प्रकरण गंभीर होते. कुरुंदवाडला आमचे थोरले बंधू ज्ञानूदादा असतात. शेती ते बघतात आणि घरातले निर्णयही तेच घेतात. मी कोल्हापुरात राहून अंमलबजावणी करतो. त्यांनी दसऱ्यालाच सांगून ठेवले होते, "सातवी पास झाली तर शिकू दे की पुढं. नापास झाली तर हिकडं लावून दे. तुझ्या वैनीला हाताखाली माणूस पायजेच हाय." वहिनींच्या हाताखाली गेलेले माणूस पुन्हा मान वर करून बोलल्याचे मला तरी आठवत नाही. शालनला हे ठाऊक होते. ती त्या दिवशी जेवली नाही.

त्याच आठवड्यात शाळेत पालकसभा झाली. हेडमास्तर म्हणाले, "पालकांनी पाल्याच्या अभ्यासात जातीने लक्ष घालावे." बाकीच्या पालकांनी ते ऐकले, चहा घेतला आणि घरी गेले. मी बावीस वर्षे सरकारी कचेरीत कारकून. 'घालावे' हा शब्द कानावर पडला की मी तो आदेश समजतो. घरी येताच मी अभ्यास शाखा उघडली.

शाखेत एक हजेरीपट, एक आवक नोंदवही, एक जावक नोंदवही आणि एक शंका नोंदवही अशा चार वह्या होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाला निसारभाईंचे बायंडिंगचे दुकान आहे. त्यांनी वह्यांना कापडी पाठ लावून दिली आणि विचारले, "आण्णा, पोरगीचं दप्तर हाय का कलेक्टर कचेरीचं?"

"शिस्त लागते, निसारभाई. तुमची जरीनाही त्याच वर्गात आहे. तुम्हीही एक सेट करून घ्या."

"मी बांधतो वह्या. आत काय लिवायचं ते मला कुठं येतंय?" ते म्हणाले आणि खळीचा हात पुसून पुढच्या कामाला लागले. मला त्यांची कीव आली.

दुसऱ्याच दिवशी शालन माझ्यासमोर उभी राहिली. "आण्णा, अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागताना दुसरा उलटा करून गुणत्यात. उलटा का करायचा?"

"तोंडी नको. लेखी दे," मी म्हणालो. "आणि माझ्याकडं थेट यायचं नाही. योग्य मार्गानं ये."

योग्य मार्ग म्हणजे तिची आई. तानाबाई चौथी शिकलेली, पण शाखाप्रमुखाला शिक्षणाची अट कुठेच नसते. तिने अर्जावर शेरा मारला, 'आधी पाणी भरून येणे.' शेऱ्याची पूर्तता होऊन अर्ज माझ्याकडे आला त्याला तीन दिवस लागले. मी तो नीट वाचला आणि त्रुटी काढून परत केला. अशी शंका पूर्वी कोणास आली होती काय? असल्यास संदर्भ द्यावा. पाठ्यपुस्तकातील संबंधित पानाची खरी नक्कल दोन प्रतींत जोडावी. शालनने नकला केल्या. अक्षर झपाट्याने सुधारले, हे मी तिच्या प्रगतीचे पहिले लक्षण म्हणून नोंदले.

जानेवारी उजाडला तेव्हा एक्केचाळीस शंका प्रलंबित होत्या. ही संख्या शोभणारी नव्हती. कचेरीत आम्ही अशा वेळी जे करतो तेच घरी केले. सात दिवसांत उत्तर न मिळालेली शंका निकाली निघाली असे समजावे, असा नियम काढला. एका संध्याकाळीत एक्केचाळीस शंकांवर 'निकाली'चा शिक्का बसला. शालन शिक्क्याला शाई लावून देत होती.

"आण्णा, पर मला अजून कळलं न्हाय," ती म्हणाली.

"वहीत बघ. शिल्लक निरंक आहे."

तिने वहीत बघितले. शिल्लक निरंक होती.

त्या निरंक वहीची कीर्ती शाळेपर्यंत गेली. हेडमास्तर स्वतः घरी आले आणि पाने उलटता उलटता त्यांनी मला यावरून एका पत्रकाचा नमुना आखून द्यायला सांगितले. त्यांना वरून 'पालक-सहभागाबाबत काय केले' अशी तीन स्मरणपत्रे आली होती आणि त्यांनी काहीच केले नव्हते. फेब्रुवारीत त्यांनी माझा नमुना सगळ्या शाळेला लागू केला. गेल्या जूनपासूनचे पत्रक प्रत्येक पालकाने महिनावार भरून द्यायचे. वार्षिक परीक्षेत गणिताचे पंचाहत्तर गुण पेपराला आणि पंचवीस गुण पत्रकाला. पेठेतले पालक नमुना मागायला माझ्या दारात उभे राहू लागले. मी त्यांनाही योग्य मार्गाने यायला सांगितले. तानाबाईने एकदा शेगडीवरून उठून विचारले, "अवो, ह्या समद्यांची पोरं मायंदाळ शिकाय लागली, पर आपली कवा शिकणार?" मी तिला तो मुद्दा स्वतंत्रपणे मांडायला सांगितले.

फक्त निसारभाईंचे पत्रक कोरे गेले.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली आणि मला शाळेत बोलावणे आले. हेडमास्तरांनी शालनचा गणिताचा पेपर माझ्यापुढे सरकवला. चौथ्या प्रश्नाखाली सुवाच्य अक्षरात लिहिले होते :

'विषयांकित अपूर्णांक आज रोजी प्राप्त झाले. पैकी दुसरा उलटा करण्यामागील कारण अद्याप अप्राप्त आहे. सबब सदर प्रश्न मार्गदर्शनार्थ वडिलांकडे सादर करण्यात येत आहे. प्रत माहितीस्तव : आई.'

पाचवा, सहावा आणि सातवा प्रश्नही असेच सादर झाले होते. खरे सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मसुद्यात एकही चूक नाही.

"पेपरात बारा पडलेत," हेडमास्तर म्हणाले. "पण तुमचं पत्रक परिपूर्ण. पंचवीसपैकी पंचवीस. बारा आणि पंचवीस सदतीस. अभिनंदन, मुलगी पास आहे!"

"आणि जरीना?"

"तिला पेपरात एकोणसाठ आहेत. पण पालक-सहभाग शून्य. निकाल राखून ठेवलाय."

घरी येऊन मी पेढे ठेवले. शालनने प्रगतिपुस्तक बघितले आणि पेढ्याला हात लावला नाही. "आण्णा, बारा माझं हाईत, पंचवीस तुमचं. मग आठवीत तुमी बसणार का मी?"

उत्तर द्यायला माझ्याकडे वही नव्हती. तेव्हा जे बावीस वर्षांत कोणत्याही कागदावर लिहिले नाही ते तोंडी सांगून टाकतो. दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे मला माहीत नव्हते. आमच्या मास्तरांनी करा म्हटले, मी करत आलो. पोरगी पहिल्या दिवशी समोर उभी राहिली तेव्हा 'मला येत नाही' एवढे तीन शब्द बोलायचे होते. ते तीन शब्द बोलावे लागू नयेत म्हणून मी चार वह्या, एक शिक्का आणि एक अख्खी शाळा कामाला लावली.

"पयल्या दिशीच सांगायचं हुतं की," तानाबाई म्हणाली. "पोरीनं दुसऱ्या कुणाला तर इचारलं असतं."

संध्याकाळी निसारभाई शाळेचे पत्र घेऊन आले. "आण्णा, वाचा बगू. पोरगी सकाळधरनं रडाय लागलीया."

"पोरीच्या अभ्यासात तुमचा सहभाग शून्य आहे, असं लिहिलंय."

"खरं हाय की त्ये. जरीना इचारायची, मी म्हणायचो, बाई, मला न्हाय येत, जा मास्तरांस्नी इचार. मास्तर घरला गेलं असलं तर सायकलवरनं त्यांच्या घरापतूर सोडायचो आन् भाईर कट्ट्यावर बसायचो. ह्येला काय म्हणत्यात?"

मी पत्रासोबत परत आलेले त्यांचे कोरे पत्रक खालून वरपर्यंत बघितले. यासाठी रकाना नव्हता. रकाने मीच आखले होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी निसारभाईंचे जूनपासूनचे दहा महिन्यांचे पत्रक एका दुपारीत भरले. तीन रंगांची शाई वापरली, मधेमधे चहाचे डाग पाडले, सप्टेंबरात दोन दिवस ताप आणला. निसारभाईंनी प्रत्येक पानावर उर्दूत सही केली. निकाल सुटला, जरीनाला पंचवीस गुण मिळाले, आणि 'आदर्श पालक' म्हणून निसारभाईंची निवड होऊन त्यांना नारळ देण्यात आला. मला उत्तेजनार्थ. माझ्याच पत्रकाने माझ्या पत्रकाला हरवले, याचे दुःख मला आठ दिवस झाले, हेही लपवत नाही.

शालन कुरुंदवाडला गेली नाही. पास झाली म्हटल्यावर ज्ञानूदादांनी फक्त "बरं" म्हणून कळवले. पण सुट्टी लागल्यापासून ती रोज निसारभाईंच्या दुकानात जाऊन बसू लागली. एकदा मी मागोमाग गेलो. जरीना कागदाचा ताव घेऊन बसली होती.

"ह्यो एक ताव. ह्यातनं पाव तावाचं तुकडं किती निघत्यात?"

"चार," शालन म्हणाली.

"मग अर्ध्या तावातनं?"

"चाराचं निम्मं. दोन."

"झालं की मग. अर्ध्याला पावानं भागायचं म्हंजे अर्ध्याला चारानं गुणायचं. पाव उलटा केलास की चारच हुतोय न्हवं?"

शालन हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच. मी दाराशी उभा राहून चव्वेचाळिसाव्या वर्षी भागाकार शिकलो आणि आपण शिकलो हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून खाकरलो.

"या की आण्णा," निसारभाई म्हणाले. "बसा. पोरींच्या मधी बोलू नगा म्हंजे झालं."

अजूनही लोक माझ्याकडे नमुना मागायला येतात. परवा राधानगरीकडचे एक पाहुणे आले. मुलाच्या अभ्यासात जातीने लक्ष घालायचे म्हणाले. मुलगा कितवीत, असे मी विचारले. "घरात इचारून सांगतो की," ते म्हणाले. मी त्यांना नमुना दिला नाही. निसारभाईंच्या दुकानाबाहेरचा कट्टा दाखवला. त्यांना तो पसंत पडला नाही.

आपण मात्र सुज्ञ आहात. आपल्या घरी असे काही नाही, म्हणून तर इथवर हसत आलात. एवढ्यात कोणी वही घेऊन आपल्या खुर्चीशी येऊन उभे राहिले होते, आणि मान वर न करता "थांब जरा, एवढं वाचून होऊ दे," असे आपण म्हणालात. वाचून झाले. मागे वळून बघा, अजून उभे आहे का.