पिशोरच्या टिचक्या

"वाचतात सगळे, पण जाहिरातीला कुणी हात लावत नाही," श्रेया नवऱ्याच्या ताटात पोळी टाकत म्हणाली, आणि बाजूला लसूण सोलत बसलेल्या सरूबाईंचा हात थांबला.

श्रेयाची 'नळ आला' नावाची वेबसाइट होती. सिडको, हडको, गारखेडा अशा शहरातल्या वस्त्यांत कुठल्या गल्लीत आज पाणी सुटलं, दाब कसा आहे, हे तिथल्या बायका तिला फोनवर कळवत आणि ती लगेच टाकत असे. कितीतरी घरांत सकाळी देवाच्या आधी 'नळ आला' उघडलं जायचं. या खटाटोपाचा खर्च निघावा म्हणून तिने एका कंपनीमार्फत पानावर जाहिराती लावल्या होत्या; सध्या तिथे पाण्याच्या काळ्या टाकीची जाहिरात झळकत होती. वाचणाऱ्याने जाहिरातीवर टिचकी मारली, की जाहिरातदाराच्या खिशातून पैसे जात आणि त्यातला वाटा श्रेयाला मिळे.

"हात लावायला काय लागतं गं?" सरूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. नुसतं बोट."

सत्यम डबा घेऊन शेंद्र्याला कंपनीत गेला, श्रेया फोनवर बसली, आणि सरूबाईंनी गॅलरीत जाऊन माहेरी, पिशोरला भावाला फोन लावला. कडुबाचं स्टँडजवळ चहाचं हॉटेल होतं.

"कडुबा, सुनंचं काम हाय. तिचं पान उघडायचं आन् काळी टाकी दिसली की तिच्यावर दाबायचं."

"दाबल्यानं काय व्हतं आक्का?"

"पुण्य लागतं."

कडुबा आक्काच्या शब्दाबाहेर नव्हता. दुसऱ्या दिवसापासून हॉटेलात 'आधी टाकी, मग चहा' असा नियम झाला. ज्याच्या फोनमध्ये नेट नव्हतं त्याला कडुबा स्वतःच्या वायफायवर घ्यायचा. पारावरची मंडळी, दूध घालायला येणारे, एसटीचे कंडक्टर, सगळे टाकी दाबू लागले. एका म्हाताऱ्याने तर दाबण्याआधी फोन कपाळाला लावला.

इकडे श्रेयाची कमाई वाढली. "लोकांना किंमत कळायला लागली," असं ती सत्यमला म्हणाली. सरूबाई गालातल्या गालात हसल्या.

मग एका सकाळी कंपनीचा ईमेल आला. तुमच्या पानावर खोट्या टिचक्या मारल्या जात आहेत, खुलासा येईपर्यंत जाहिराती बंद. जाहिराती कायमच्या गेल्या तर वेबसाइट गुंडाळावी लागणार होती. टिचक्या कुठून आल्या याचा तक्ता तिने उघडला. इतके दिवस ती त्यातला फक्त बेरजेचा आकडाच बघत होती.

"पिशोर?" ती पुटपुटली. "पिशोरच्या माणसांना सिडकोच्या नळाशी काय करायचंय?"

स्वयंपाकघरात भांडं पडलं.

"आई?"

"मांजर असंल."

"आई, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो."

सरूबाईंनी सगळं सांगितलं, तेही मान ताठ ठेवून. "बघायसाठीच लावतेत ना जाहिरात? मंग बघितली. यात चोरी कसली?"

"घ्यायचं नसताना दाबणं म्हणजे चोरीच, आई. दर टिचकीला त्या टाकीवाल्याचे पैसे जातात. म्हणून आपण स्वतः दाबायचं नसतं, घरच्यांना, ओळखीच्यांना सांगायचं नसतं. कंपनीला लगेच कळतं. सगळ्या टिचक्या एकाच हॉटेलातून!"

"आगं बया," सरूबाई खालीच बसल्या. "म्हंजे मी त्या माणसाचा खिसा कापायले व्हय?"

श्रेयाने कंपनीला काहीही न लपवता उत्तर लिहिलं. सासूबाईंनी प्रेमापोटी गाव कामाला लावलं, मला आज कळलं, पिशोरच्या सगळ्या टिचक्या खोट्या धरा आणि जाहिरातदाराचे पैसे परत करा. मग तिने पानाची मांडणीही बदलली. जाहिरात गल्ल्यांच्या यादीला इतकी चिकटून होती, की यादी वर सरकवतानाही लोकांचा अंगठा टाकीवर पडत होता. सरूबाईंनी पिशोरला निरोप धाडला, "टाकीला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ हाय."

प्रकरण मिटलं असं वाटत होतं. दुपारी बेल वाजली.

दारात घामाघूम झालेला एक माणूस उभा होता. "नळ आला वाली भाभी आप हो क्या? मैं मोईन, टाकीवाला."

श्रेयाने घाबरत त्याला आत घेतलं.

"भाभी, तुमच्या पानावरच्या माझ्या जाहिरातीवर दाबायलेत फक्त पिशोरचे लोक. मी म्हटलं, पिशोर में टाकी की क्या मांग है! टेम्पो भरून घेऊन गेलो. स्टँडवर लावला. पब्लिक जमली, टाकी ओळखली, 'हीच ती, हीच ती' म्हणून हात लावून पाया पडली, आणि एकानं पण घेतली नाही!"

"टेम्पो कुठाय?" सरूबाईंनी विचारलं.

"तिथंच आहे, अम्मा. ड्रायव्हरला बसवून आलो. परत आणायचं भाडं अलग."

श्रेया माफी मागायला तोंड उघडणार, तोच सरूबाईंनी पदर खोचला. "चला. माझ्या माहेरानं तुमचं नुकसान केलंय, ते मीच भरून देते."

संध्याकाळच्या आत सरूबाई पिशोरच्या स्टँडवर टेम्पोपाशी उभ्या होत्या. मागे मोईनभाई, त्यांच्या मागे श्रेया.

"दाबताना लई हौस होती," सरूबाई गर्दीवर कडाडल्या. "आता घेताना कामून मागं सरता?"

"आक्का, हिरीला पाणी हाय," कडुबा हळूच म्हणाला. "टाकी ठिवू कुठं?"

"आल्याच्या पिकाला ठिबक केलंय ना तू? औषध कशात कालवतो?"

"बादलीत."

"एवढ्या वावराला बादली! लाज नाय वाटत?"

कडुबाने डोकं खाजवलं. ते खोटं नव्हतं. ठिबकच्या औषधाला टाकी खरोखरच हवी होती. त्याने एक उतरवली. कडुबाकडे टाकी आली म्हटल्यावर त्याच्या भाऊबंदांना बादलीत कालवणं कमीपणाचं वाटू लागलं. टेम्पो बघता बघता रिकामा झाला, आणि शेवटच्या टाकीवरून दोघांत भांडण लागलं, ते मोईनभाईंनाच सोडवावं लागलं.

आठवडाभराने कंपनीचं उत्तर आलं. खरं सांगितल्याबद्दल आभार, जाहिराती पुन्हा सुरू, पण आता नजर राहील. पिशोरच्या टिचक्यांचे पैसे श्रेयाच्या वाट्यातून कापून जाहिरातदाराला परत केले होते. श्रेयाने सुस्कारा सोडला. यापुढे तो तक्ता रोज तपासायचा, असं तिने ठरवलं.

त्याच दुपारी मोईनभाई मिठाईचा डबा घेऊन हजर झाले.

"भाभी, पैसे पण परत मिळाले आणि माल पण गेला! असा फायदा माझ्या अब्बाला पण कधी झाला नाही." मग खुर्ची पुढे ओढून ते सरूबाईंकडे वळले आणि आवाज खाली आणला. "अम्मा, एक बात पूछूं? दौलताबादला तुमचं कुणी आहे का?"

"हाय की. माझी धाकटी नणंद," सरूबाई म्हणाल्या आणि फोनसाठी हात लांबवला.

श्रेयाने हातातला मिठाईचा डबा टाकला आणि आधी फोनवर झडप घातली.