स्लॅबची हुग्गी

"गव्हाचं मला शिकवतीस व्हय?" श्रीमंतअण्णानं छाती पुढं काढून बायकोला विचारलं. "पिठाची गिरणी चालवतो मी! सगळ्या निर्णा गावचा गहू माझ्या हातनं जायलाय. हुग्गी मीच करणार!"

आता हुग्गी म्हणजे गूळ घालून केलेली गव्हाची खीर. इकडं स्लॅब टाकला, की ठेकेदाराच्या घरची गरम हुग्गी मजुरांच्या ताटात पडायलाच लागते. ती करते ठेकेदाराची बायको. पण इथं ठेकेदार होती रेणुका, म्हणजे श्रीमंताची बायकोच! मग हुग्गी करायची कुणी?

रेणुका गवंड्याची लेक. बापाच्या मागं पाट्या उचलत काम शिकली. बायकांसाठी राखून ठेवलेलं अंगणवाडीचं बांधकाम तिला मिळालं, ते तिचं पहिलं सरकारी काम. ऑफिसात गेली की म्हणायचे, "मिस्टरांना पाठवा!" ती तशीच बाकावर बसून राहायची, पण उठून यायची नाही.

त्यात जगदेवप्पानं तक्रार ठोकली. हा जुना ठेकेदार. त्यानं स्वतःच्या बायकोच्या नावावर कैक कामं घेतलेली आणि त्या माउलीला त्यातली एकही इमारत ठाऊक नव्हती. सगळ्यांच्या घरी असंच चालत असणार, असं त्याला मनापासून वाटायचं. 'रेणुका नुसती नावाला, काम नवरा चालवतो,' असं त्यानं कळवलं. चौकशीला कलबुर्गीहून अमरेश साहेब येणार होते आणि नेमके स्लॅबच्या दिवशी! तक्रार खरी ठरली तर काम जाणार, लायसन जाणार, आणि रेणुकाच्या डोक्यावर परत पाटी येणार.

"मी साहेबाला दिसतच न्हाई," श्रीमंतानं ठरवलं. "दार लावून घरात हुग्गी करत बसतो."

"अवो, गूळ कधी घालायचा ठावं हाय का?"

"जा गं तू! स्लॅब बघ जा!"

ती गेली. श्रीमंतानं मोठ्या पातेल्यात पाणी, गहू आणि सगळा गूळ एकदमच ओतला. एकदाच घालून मोकळं व्हावं, दुसरं काय! गूळ आधी पडला की गहू शिजत नाही, हे त्याला गिरणीत कोण सांगणार? तो ढवळतोय, ढवळतोय... गहू आपला खडीसारखा! खालून गूळ करपला आणि घरभर धूर झाला.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या.

"श्रीमंता! दार उघड, साहेब आलेत!" जगदेवप्पाचा आवाज! "बघा साहेब, बायकोला स्लॅबवर उभं केलंय आणि हा दाराआड बसून फोनवर काम चालवायलाय. कागदं बी जाळायलाय बहुतेक, धूर बघा!"

साहेबानं आपल्याला बघितलं की संपलं सगळं! श्रीमंतानं फडक्यानं पातेलं उचललं, मागच्या दारानं परसात आला, पातेलं कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं आणि वर चढला. पातेलं कललं, श्रीमंतही कलला, आणि दोघं मिळून भिंतीपलीकडं पडले. अर्धी हुग्गी पातेल्यात राहिली, अर्धी पायजम्यावर!

"पळायलाय! साहेब, पळायलाय!" जगदेवप्पा ओरडतच वळसा घालून आला. मागं साहेब.

"श्रीमंत तुम्हीच? पळता कामून?"

"तुमाला दिसू नये म्हणून, साहेब."

"का?"

"मी दिसलो की बायकोचं काम जाईल." एवढं बोलला आणि त्याला रडूच कोसळलं. "मला काय बी करा साहेब, पण तिचं काम काढून घेऊ नका. लई सोसलंय तिनं."

साहेबांनी त्याचा हुग्गीनं माखलेला पायजमा बघितला. मग म्हणाले, "स्लॅबला सळई किती जाडीची घातली?"

"ते रेणुकाला ठावं."

"मग तुम्हाला काय ठावं?"

श्रीमंतानं पातेल्यात बघितलं. "खरं सांगू साहेब? हे बी न्हाई ठावं."

साहेबांनी चिमूटभर हुग्गी तोंडात टाकली. कडक्! गालावर हात धरून ते जगदेवप्पाकडं वळले.

"स्लॅबच्या दिवशी तुमच्या घरी हुग्गी कोण करतं?"

"बायको करती की!"

"आणि तुम्ही कुठं असता?"

"मी? मी स्लॅबवर..."

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "या घरातला ठेकेदार कोण, ते कळलं."

स्लॅब पुरा झाल्यावर रेणुका खाली उतरली. काम तिच्याकडंच राहिलं, हे तिला साहेबांनी स्वतः सांगितलं. पहिल्यांदाच कुणी मिस्टरांना बोलवलं नव्हतं.

ताटं मांडली. सगळे कडाकडा चावायला लागले. म्हातारे महादेवप्पा मिस्त्री घास तसाच गालात ठेवून म्हणाले, "रेणुकाअक्का, तुमचा स्लॅब घट्ट धरायला येळ लागंल. अण्णांची हुग्गी आताच धरलीय!"

सगळे हसले. रेणुका हसली नाही. तिनं ताट पुसून, शेवटचा कडक दाणासुद्धा चावून खाल्ला. तिचे डोळे भरून आले होते. ते बघून श्रीमंताचा ऊर परत भरला.

"पुढच्या स्लॅबला बी हुग्गी मीच करणार!"

रेणुकानं पदरानं डोळे टिपले.

"पुढच्या स्लॅबला," ती म्हणाली, "केळी वाटू."