कुमुदबाई गारपिटीमागे गेल्या त्याची हकीकत

श्री नादमूर्ती प्रसन्न. गाणारांस कंठ असो, ऐकणारांस आयुष्य असो, आणि लिहिणाराचे चुकले तर वाचणारांनी पोटात घालावे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी या राज्यात गारपीट नामे वाद्यमंडळाने अकरा मुक्कामांची मुलूखगिरी केली, आणि कुमुदबाई आंबर्डेकर नामे झंपर शिवणाऱ्या बाई त्या मुलूखगिरीमागे फिरल्या, त्यांचे वर्तमान येणेप्रमाणे.

मंडळ म्हणजे असामी चार. निरंजनपंत गाणार, दोघे विजेच्या तारांची वाद्ये छेडणार आणि एक ढोल बडविणार. तीस वर्षांमागे चौघांचे केस खांद्यावर रुळत होते, आता दोघांचे कपाळ टाळूपर्यंत चढले होते. मध्ये बारा वर्षे मंडळ मोडले, कोणी कोणाचे तोंड पाहीना, मग ढोलवाल्याच्या कन्येचे लग्नात चौघे एका पंगतीस आले, आणि जिलबीचा आग्रह करिता करिता समेट जाहला, आणि शेवटची एक मुलूखगिरी करावी ऐसा ठराव होऊन राज्यभर फलक लागले. कुमुदबाईंनी फलकावर 'शेवटची' हा शब्द वाचिला आणि त्यांचे काळजात चर्र जाहले. घरी येऊन यजमान दामोदरपंतांस म्हणाल्या, "मी अकराही मुक्काम करणार." दामोदरपंत मोठे समजूतदार, ते पेपर खाली ठेवून बोलिले, "लोक या वयात काशीला जातात, तू गारपिटीमागे जा. पण गुडघ्याचा पट्टा घे, आणि सुगीच्या लग्नांचे झंपर कोण शिवणार ते गिऱ्हाइकांना तूच सांग." बाईंनी गिऱ्हाइकांस सांगितले. गिऱ्हाइके रागावली, आणि बाई गेल्या.

त्याचे कारण ऐसे. बाई नव्या नवरी होत्या तेव्हां त्यांची धाकटी नणंद हेमा हिने एके संध्याकाळी, "वहिनी, हळदीकुंकवाला जाऊ," म्हणोन सासूबाईंची परवानगी काढिली आणि वहिनीस थेट कॉलेजच्या मैदानात नेले. तेथे गारपीट मंडळ प्रथमच गात होते. त्यांनी 'थांब जरा उंबरापाशी' हे गाणे म्हटले, आणि हेमाने वहिनीचा हात जो धरिला तो गाणे सरेपर्यंत सोडिला नाही. परतताना ओटी रिकामी दिसेल म्हणोन वाटेत दोन मुठी बोरे घेतली आणि तेच वाण म्हणोन सासूबाईंपुढे ठेविले. सासूबाईंनी बोरे खाल्ली, विचारिले काही नाही. हेमाचे कान ऐसे की एका ऐकण्यात गाणे उचलले, आणि वर्षभर वहिनीशेजारी बसून काजे करिता करिता तेच गात राहिली. पुढले आषाढात तिला कावीळ जाहली आणि ती गेली. मंडळाने ते गाणे पुढे कोठे गाइले नाही, कॅसेटीतही घातले नाही. तीस वर्षांत ऐसे जाहले की हेमाचा चेहरा भिंतीवर फोटोत राहिला, परंतु आवाज कोठेच राहिला नाही. गाण्याचे शब्द कुमुदबाईंस पाठ होते, चाल ठाऊक होती, परंतु आठवू जाता ते सारे मुके आठवे. ते गाणे एकवार कानी पडले तर त्यामागून हेमाही ऐकू येईल, इतकीच त्यांची आस होती. दुसरे काही मागणे नव्हते, आणि ही आस दामोदरपंतांसही त्यांनी सांगितली नव्हती.

आता मुलूखगिरीचा रिवाज सांगतो. मंडळामागे फिरणारे पंचवीस-तीस लोक होते, त्यांस वहीवाले म्हणत. हे लोक पहिले रांगेत बसत, मांडीवर वही ठेवीत, आणि कोणते गाणे कितवे जाहले, कोठे शब्द चुकला, कोठे ढोल मागे राहिला, हे सारे लिहीत. त्यांचे नाईक भालचंद्र मास्तर, गणिताचे शिक्षक, निवृत्त. यांनी चाळीस वर्षे पोरांच्या चुका काढिल्या, आता हात शिवशिवत होते, सुंभ जळाला तरी पीळ जातो थोडाच. आणि दुसरा रिवाज हा, की शेवटून दुसऱ्या गाण्याची जागा मोकळी ठेवीत, तेथे ऐकणारांनी आपली फर्माईश कापडावर लिहून निशाण उभारावे आणि निरंजनपंतांनी एकाचे निशाण मान्य करावे. कुमुदबाईंनी पिवळे खणावर काळे सुताने 'उंबरापाशी' ऐसे शिवून आणिले. पहिले मुक्कामी निरंजनपंतांची नजर त्या निशाणावर आली आणि लगेच शेजारी गेली. दुसरे मुक्कामी तसेच. बाईंस वाटले अक्षर बारीक पडले, म्हणोन तिसरे मुक्कामी धर्मशाळेत बसून अक्षरे उसविली आणि वीतभर उंचीची पुन्हा शिवली. तेव्हां नजर अधिक लवकर सरकली. मग किनार लाविली, मग टिकल्या लाविल्या, आणि नऊ मुक्काम ऐसे गेले. दररोज दामोदरपंत फोनवर पुसत, "म्हटलं का?" आणि बाई म्हणत, "उद्या म्हणतील." आणि ते म्हणत, "जेवलीस का?" बाई जेवीत होत्या, परंतु घास गोड लागत नव्हता.

दहावा मुक्काम कसबे तळखांब, शनिवारी. अकरावा आणि शेवटचा राजधानीत, सोमवारी. तळखांब म्हणजे एक धान्यबाजार, त्याची पत्र्याची शेड, आणि बाहेर एक चहाची टपरी. राजधानीचे सभागृहात मात्र पहिली रांग जो आधी येईल त्याची, ऐसा नियम होता. तेव्हां भालचंद्र मास्तरांनी सर्वांस जमवून मसलत केली की, "तळखांबला काय ठेवलंय? पत्र्याखाली आवाज घुमणार, आणि निरंजनपंतांचा घसाही बसलाय. हजेरीपुरतं गातील आणि उठतील. आपण शनिवारीच राजधानी गाठू आणि दारात सतरंज्या टाकू. शेवटच्या दिवशी पहिली रांग हुकली तर एकमेकांना तोंड काय दाखवायचं?" कुमुदबाईंचे मन किंचित चाचरले. त्या म्हणाल्या, "मास्तर, अकरा ठरवले होते मी." मास्तर म्हणाले, "बाई, निशाण दिसायला हवं की नको? मागं बसलात तर टिकल्या कोण बघणार?" हे बाईंस पटले. पहा दैव कैसे, की गाणे ऐकावयास निघालेली माणसे पुढचे गाणे नीट ऐकता यावे म्हणोन हातचे गाणे सोडून गेली. ही चूक ज्यास गाण्याचे वेड नाही त्याचे हातून होणे नाही. मग सर्व वहीवाले लाल गाडीत बसून राजधानीस गेले, दोन दिवस दारात बसले, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी एकमेकांस वाटिली, आणि कुमुदबाईंचा नंबर पहिला लागला.

सोमवारी संध्याकाळी सभागृह भरले, मंडळ आले, आणि निरंजनपंत ऐसे गाइले की मास्तरांची पेन्सिल दोन वेळा थांबली. मग मोकळी जागा आली. निशाणे उभी राहिली. कुमुदबाई गुडघ्याचा पट्टा आवळून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पिवळे निशाण दोन्ही हातांनी डोईवर धरिले. या वेळी निरंजनपंतांची नजर सरकली नाही. ते पुढे आले, वाकले, आणि सर्वांदेखत बोलिले, "ताई, दहा गावं झाली मी तुम्हाला बघतोय." बाई म्हणाल्या, "नऊ. तळखांबला नव्हते." तेव्हां निरंजनपंतांचे तोंड उतरले. म्हणाले, "तेच तर. तळखांबला म्हटलं मी ते. वह्या घेऊन कुणी बसलं नव्हतं, म्हटलं, आज चुकलं तरी कोण लिहितंय. ताई, तुम्हा लोकांना सगळं पाठ आहे. मला नाही. तुमच्यासमोर ते गाणं म्हणायची माझी छाती होत नाही, मला माफ करा." लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि पंतांनी दुसरे निशाण मान्य केले. कुमुदबाई खाली बसल्या. पुढले गाणे कोणते जाहले ते त्यांस कळले नाही. ज्या गाण्यासाठी घरदार, धंदा, गुडघा सर्व बाजूस ठेविले, ते गाणे आपण समोर बसलो म्हणोनच नऊ वेळा आणि आजही आले नाही, आणि आपण नव्हतो म्हणोन आले, हे त्यांस कळले आणि बाई निशाण तोंडास लावून भर सभेत रडल्या. मास्तरांनी वहीत 'तळखांब' ऐसे लिहिले, पुढे काय लिहावे ते त्यांस सुचले नाही, मग वही मिटून बाईंस आपला रुमाल दिला.

दुसरे दिवशी सारे आपापले गावी निघाले. कुमुदबाई तळखांबच्या फाट्यावर उतरल्या. दामोदरपंत फोनवर म्हणाले, "अगं, गाणारे गेले, आता शेड बघून काय करणार?" बाई म्हणाल्या, "शेड तरी बघते." शेडीत तुरीची पोती होती आणि दोन कुत्री निजली होती. बाहेर टपरीवर पारूबाई नामे चहावाली भांडी विसळीत होती, तिला बाईंनी शनिवारचे वर्तमान पुसले. पारूबाई म्हणाली, "म्या तर म्होरंच बसले व्हते की! टपरी झाकून गेले. लई ग्वाड म्हनला बगा. त्ये उंबराचं तर आसं म्हनला, माजं हातपाय गार पडलं." बाईंनी विचारिले, "सगळं म्हटलं?" पारूबाई म्हणाली, "न्हाई ओ. पयलं कडवं झालं, आन् दुसऱ्याला आडाकला. खाली आमच्याकडं बगितलं, कुनी सांगतंय का म्हनून. आमास्नी कुटं ठावं? आमी आपलं त्याच्या तोंडाकडं बगत ऱ्हायलो. मग हासला, म्हनला, जाऊ द्या, आन् दुसरं धरलं. बाई, त्याच्या म्होरं काय व्हतं ओ? तवापास्नं माज्या डोक्यात आर्धंच फिरतंय."

कुमुदबाईंनी इकडे तिकडे पाहिले. तीस वर्षांत ते गाणे त्यांनी मोठ्याने म्हटले नव्हते, आवाज बारीक, आणि लाज वाटे. परंतु पारूबाई हातातले पातेले खाली ठेवून ऐकावयास बसली होती, तेव्हां बाई बाकावर बसल्या आणि म्हणू लागल्या,

"तू उठलीस, मीही उठलो,
सावली तेवढी बसून राहिली..."

आणि 'सावली' या शब्दाचे मध्येच त्यांचा श्वास तुटला. तेथे श्वास घेण्याचे कारण नव्हते, निरंजनपंतांनी मैदानात तेथे घेतला नव्हता, कोणीच घेणार नाही. हेमा घेत असे. तिला तेथे दम पुरत नसे, आणि काजाची सुई हवेत तशीच धरून ती क्षणभर थांबे. कुमुदबाई थांबल्या, मग पुढले शब्द म्हटले, कडवे पुरे केले. पारूबाई म्हणाली, "आसं हाय व्हय!" आणि तिने चहा टाकिला.

येणेप्रमाणे गारपीट मंडळाची मुलूखगिरी अकरा मुक्काम होऊन आटोपली. त्यांत 'थांब जरा उंबरापाशी' हे गीत एकदाच पुरे गाइले गेले. पहिले कडवे निरंजनपंतांनी शनिवारी, दुसरे कुमुदबाईंनी मंगळवारी, दोन्ही कसबे तळखांब येथे. ते सबंध ऐकणारी या राज्यात पारूबाई चहावाली एकटी. इतके ठाऊक होते ते लिहिले. राहिले ते ज्याचे त्याने म्हणावे.