लाडोबा अजगराचा थंड आहार

एका जंगलात, मुलांनो, फ्रीज होता. वीज कुठून आली ते विचारू नका. गोष्टीत असले प्रश्न विचारायचे नसतात, आणि राज्यात तर मुळीच नाही.

फ्रीज राजाच्या गुहेत होता. राजा होते आबासाहेब अस्वल. त्यांनी एक अजगर पाळला होता, त्याचं नाव लाडोबा. लाडोबाला दर गुरुवारी एक जिवंत उंदीर लागे. त्यासाठी उंदरांचे नंबर लावलेले होते. ज्याचा नंबर, तो जाई. मागे घरची मंडळी रडत, शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देत, आणि शुक्रवारी सगळे पुन्हा दाणे शोधायला निघत.

येत्या गुरुवारी नंबर होता चिंधाजीचा.

चिंधाजी हुशार. मरायचं नाही, असं त्यानं ठरवलं. त्यात काही गैर नव्हतं. मीही तेच ठरवलं असतं. त्यानं थेट आबासाहेबांची गुहा गाठली.

"सरकार, जिवंत खाणं म्हणजे मागासलेपण. शेजारच्या जंगलात हल्ली गोठवलेला उंदीर देतात. गोठवायचा, कोमट करायचा, पुढे ठेवायचा. आरडाओरडा नाही, काही नाही."

"शेजारी देतात?" आबासाहेब ताडकन उठले. "मग आपण का देत नाही?"

शेजारच्या जंगलात असलं काहीच नव्हतं. पण 'शेजारी' म्हटलं की आबासाहेबांना पुढचं ऐकू येत नसे.

योगायोगानं त्याच दिवशी धोंडूआजोबा वारले. म्हातारपणानं वारले, शेंगदाणा खाता खाता. उंदरांत असं मरण कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आजोबांना मानानं फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. चिंधाजीचा नंबर रद्द झाला. त्याच्या बायकोनं, सगुणेनं, त्याची दृष्ट काढली.

गुरुवारी आजोबांना बाहेर काढून कोमट पाण्यात बुडवलं. पाणी कोमट होतं, आजोबा नव्हते. लाडोबानं जीभ लवलवली आणि तोंड फिरवलं.

"हे हलत नाही," तो म्हणाला. "गारही आहे."

"कुणीतरी मिठी मारून ऊब द्या त्यांना!" आबासाहेब गरजले. "आणि जरा हलवत राहा."

सगळे उंदीर चिंधाजीकडे पाहू लागले. योजना त्याचीच होती ना! तो घाईघाईनं म्हणाला, "सरकार, हे कुणीही करावं असं काम नव्हे. हे पद आहे. राजमान्य ऊबदाते! शाल, नारळ देऊन नेमणूक व्हायला हवी."

गर्दीत रंगोजी नावाचा उंदीर होता. आयुष्यात त्याला कुणी साधं गुलाबाचं फूल दिलं नव्हतं. तो धावतच पुढे आला. शाल झाली, नारळ झाला, तीन भाषणं झाली. रंगोजीनं आजोबांना मिठी मारली आणि हलवायला लागला.

लाडोबानं रंगोजीला खाल्लं.

"खाल्लं!" आबासाहेबांनी टाळ्या पिटल्या. "थंड आहार खाल्ला!"

आजोबा परत वरच्या कप्प्यात गेले. शाल रंगोजीच्या घरी पोचती झाली. सोमवारी पाटी लागली: राजमान्य ऊबदाते, एक जागा रिकामी. सतरा अर्ज आले.

चिंधाजीनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तो लाडोबाकडे गेला. "तू रंगोजीला खाल्लंस!"

"हो," लाडोबा म्हणाला. "जे हलतं ते मी खातो. मी लपवलंय कुठे? मला कुणी विचारलंच नाही."

चिंधाजीनं बिळाबिळांत जाऊन सांगितलं. पण सगळ्यांचं एकच उत्तर: "शाल त्याला मिळाली म्हणून जळतोस!" नंबराच्या काळात आजारपणाचं निमित्त काढणारे आता वशिला लावत होते. चिंधाजीला स्वतःची लाज वाटली. पण लाजेनं कुणाचा अर्ज मागे घेतला जात नाही.

असे पाच गुरुवार गेले.

"अहो," सगुणा म्हणाली, "योजना तुमची आणि शाली लोकांच्या घरी! मी तुमचा अर्ज टाकलाय."

"सगुणे, तो खातो गं!"

"तुम्हाला मेलं सगळ्यातच खोट दिसते. रंगोजीभावजींची बायको बघा, नाक कसं वर करून चालते."

"आणि रंगोजी कुठंय?"

"कामात असतील. एवढ्या मोठ्या पदावरच्यांना घरी यायला सवड कुठली?"

योजनेचे जनक म्हणून चिंधाजीची निवड एकमतानं झाली. शाल खांद्यावर पडताच तो ओक्साबोक्शी रडला. "सोडा हो मला! तो मला खाणार आहे!"

"किती हा विनय," आबासाहेब म्हणाले. सगुणेनं डोळ्यांना पदर लावला. तिला आनंद मावत नव्हता.

चिंधाजीला आजोबांशेजारी बसवलं. त्यानं मिठी मारली आणि मनाशी ठरवलं, हलायचंच नाही. श्वासही पुरवून पुरवून घ्यायचा. तो दगड होऊन बसला. लाडोबा वाट पाहत राहिला. वाट पाहून कंटाळला. आता तो मागे वळणार, एवढ्यात चिंधाजीला हुडहुडी भरली. आजोबा फार गार होते.

सगुणेनं शाल दारावर टांगली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

तात्पर्य: कुणाला मरायला पाठवायचं असेल तर नंबर लावू नयेत, लोक रडतात. जागा रिकामी आहे असं जाहीर करावं, आणि वशिला असल्याशिवाय अर्ज घेऊ नये.